मणिकर्णिकेवरचा 'सेवेकरी'

काशीला एकट्याने जायचा बेत असेल, त्यातही हात आखडता ठेवून, तर दशाश्वमेध घाटावरून मणिकर्णिकेकडे, म्हणजे चिता जळतात त्या स्मशानघाटाकडे, चालायला लागण्याआधी हे वाचून ठेवा. मला तिथे दोन हजार रुपयांना गंडवलं. रक्कम ऐकून कुणी म्हणेल, एवढंच ना? पण मी राहत होते त्या डॉर्मिटरीतल्या खाटेचं भाडं, सकाळची कचौरी-जिलेबी आणि दुपारची थाळी धरली, तर त्या पैशांत माझे बरेच दिवस निघाले असते. शिवाय ज्या रीतीने गंडवलं, ती रीत तिथे रोजची आहे.

आधी जागा समजून घ्या. घाटांच्या मागचा जुना भाग म्हणजे पक्का महाल. गल्ल्या इतक्या अरुंद की समोरून सांड आला तर आपण मुकाट्याने कुणाच्या तरी ओट्यावर चढायचं. रिक्षा आत येत नाही, उंच घरांच्या मध्ये मोबाइलवरचा नकाशा भरकटतो. स्वस्तात फिरणाऱ्याला मात्र याहून चांगली जागा नाही. तिकीट नाही, वाहन नाही, नुसतं चालत राहायचं. दशाश्वमेधपासून नदीच्या कडेने उत्तरेकडे निघालं की मानमंदिर, ललिता घाट, मग मणिकर्णिका, तिला लागूनच शिंदे घाट, पुढे भोसले घाट आणि पंचगंगा. ही नावं वाचून मराठी माणसाचे पाय तिकडे वळणारच. आणि नदीच्या कडेने गेलं तर मणिकर्णिका ओलांडल्याशिवाय शिंदे घाट येत नाही. गळ टाकून बसणाऱ्याला याहून सोयीची जागा कुठली मिळणार?

तिथल्या लाकडाच्या ढिगांपाशी पोचत होते तोच एक जण आडवा आला. तिशीचा, साधा सदरा, गळ्यात गमछा. पहिलं वाक्य, "ताई, फोटो काढू नका हं, इथे चालत नाही." मराठीत! मी फोन बाहेरही काढलेला नव्हता. मी हो म्हटल्यावर पुढचं, "पुण्याच्या की नाशिकच्या?" आणि लगेच तिसरं, "मी गाइड नाही. इथे सेवा करतो. पैसे नकोत."

ही तीन वाक्यं पाठ करून ठेवा. मराठीच्या जागी गुजराती, बंगाली, तेलुगू, इंग्रजीही चालते. समोरचा कुठला आहे ते त्यांना चपलांवरून आणि पिशवीवरूनच कळतं. पहिल्या वाक्याने आपण उगाच अपराधी होतो, दुसऱ्याने तो ओळखीचा होतो आणि तिसऱ्याने खिशावरचा हात निघतो.

पुढची वीसेक मिनिटं तो जे बोलला त्यात खोटं काही नव्हतं. मी नंतर पडताळून पाहिलं. विश्वनाथाचं आत्ताचं मंदिर अहिल्याबाई होळकरांनी १७८० मध्ये बांधलं, बरोबर. शिंदे घाट बायजाबाई शिंद्यांचा, स्वतःच्याच वजनाने खचलेला, आणि शेजारचं रत्नेश्वराचं देऊळ कललेलं, बरोबर. शिवरायांना १६७४ मध्ये राज्याभिषेक करणारे गागाभट्ट इथलेच, बरोबर. दुर्गा घाट, ब्रह्मा घाटाच्या बाजूला पिढ्यान् पिढ्या मराठी घरं आहेत, हेही बरोबर. चिता पेटवायला अग्नी द्यायचा मान डोमांचा, म्हणजे पिढ्यान् पिढ्या स्मशानाचं काम करणाऱ्या समाजाचा, तो अग्नी अखंड तेवणाऱ्या धुनीतून घेतात, लाकूड मणावर तोलून विकतात, सगळं बरोबर. पैसे देऊन घेतलेले गाइड याहून वाईट माहिती देतात, हे मी मुद्दाम सांगते आहे. माहिती खरी निघाली म्हणून माणूस खरा, असं तिथे समजू नका. शेवटचं एक वाक्य खपवायचं म्हणून आधीची सगळी खरी ठेवलेली असतात.

मग म्हणाला, "ताई, बायकांनी खाली थांबायची इथे पद्धत नाही. वरून बघा." काशीत घरच्या बायका चितेपाशी सहसा येत नाहीत, त्यामुळे हेही खटकलं नाही. पण एकट्या बाईला घाटावरच्या गर्दीतून उचलून जिना चढायला लावायला याहून सोपी युक्ती नाही. पुरुषांना "वरून सगळं नीट दिसतं" म्हणून नेतात.

वरती धुराने काळवंडलेली जुनी इमारत. खिडक्यांना चौकटीसुद्धा नाहीत. समोर खाली चिता, मधल्या हवेत राख उडते आहे, डोळे चुरचुरतात. कोपऱ्यात गोणपाटावर एक म्हातारी बसलेली. तो म्हणाला, "मरणाची वाट बघत आलेले अनाथ लोक इथे राहतात. लाकडाला पैसे नसतात." म्हातारीने खुणेने मला वाकायला सांगितलं, डोक्यावर हात ठेवला आणि काहीतरी पुटपुटली. हात अगदी हलका होता. तिचा या धंद्यात वाटा किती, किंवा आहे का, ते देव जाणे.

लगेच प्रश्न आला, "वडील आहेत?"

नाहीत, म्हटलं.

"मग त्यांच्या नावाने निदान पाच किलो तरी." एका किलोला सातशे रुपये. पाच किलोचे साडेतीन हजार. एका माणसाला तीनशे किलोच्या आसपास लाकूड लागतं, तुम्ही फक्त पाच देताय, असा त्याचा हिशेब. मी शंभराची नोट काढली, तर त्याने हातसुद्धा लावला नाही. "ताई, वडिलांना शंभर रुपये?" आवाज जराही चढला नव्हता. तोपर्यंत जिन्याच्या तोंडाशी आणखी दोघे येऊन उभे होते. बोलत नव्हते, नुसते उभे. पावती मागितली तर दानाची पावती नसते म्हणाला. रोकड नाही म्हटलं तर भिंतीला टेकवून ठेवलेला क्यूआर कोड पुढे केला. स्कॅन केल्यावर नाव आलं कुठल्याशा मोबाइल रिपेअरिंगच्या दुकानाचं. आश्रम नाही, संस्था नाही, ट्रस्ट नाही. ते वाचूनच काय ते कळलं, पण मला त्या जिन्यावरून खाली उतरायचं होतं. दोन हजारांवर सौदा ठरला. हो, सौदाच.

खाली आल्यावर एका टालेवर, म्हणजे लाकडाच्या वखारीवर, सरळ भाव विचारला. लोखंडी काट्यापाशी बसलेल्या माणसाने मान वर न करता मणाचा भाव सांगितला. मण म्हणजे चाळीस किलो धरले तर साध्या लाकडाचा किलोचा भाव दोन आकड्यांतच बसतो. चंदन महाग, पण चंदनाची चिता अनाथांसाठी कोण रचतो? त्या टालवाल्याने वर हेही सांगितलं की दान करायचंच असेल तर इथे पैसे द्या, आमच्यासमोर तोला, ज्याला हवं त्याला द्या. मरणासन्न लोकांना राहायला जागा देणारं मुक्तिभवन काशीत खरोखर आहे, पण ते घाटावर नाही, गोदौलिया चौकाच्या बाजूला. घाटावर ये-जा करणाऱ्यांना अडवून किलोने लाकूड मागायचं काम तिथलं नाही.

तक्रारीचं म्हणाल तर यूपीआयचा पिन आपणच टाकलेला असतो, म्हणून बँकेकडे दाद मागायला जागा फारशी उरत नाही. पर्यटन मंत्रालयाची १३६३ ही हेल्पलाइन चोवीस तास चालते, अडकल्यासारखं वाटलं तर ११२ आहेच. पण जिना चढायच्या आधी फोन हातात असलेला बरा. खरं तर जिना चढूच नका. घाटावरून दिसतं तेवढं पुरे, तेही न थांबता. मृताच्या घरच्यांना आपली गर्दी नकोच असते. नुसतं पुढे शिंदे घाटापर्यंत जायचं असेल तर मागच्या गल्लीनेही जाता येतं. रस्ता विचारायचा तो दुकानात बसलेल्याला, आपणहून जवळ आलेल्याला नाही.

असल्याच सुताचे आणखी धागे आहेत. फोटो काढल्याचा खोटा "दंड" मागणारे मणिकर्णिकेवरच भेटतात. "आमच्या काकांचा साड्यांचा हातमाग आहे, बघायला काय पैसे लागतात?" म्हणणारा भेटला तर तो दलाल आहे. त्याचं कमिशन साडीच्या किमतीत घातलेलं असतं आणि पुष्कळदा साडी यंत्रमागाची निघते. बनारसी शालूला २००९ पासून भौगोलिक मानांकन आहे. विकत घ्यायचाच असेल तर हातमागाचं आणि रेशमाचं चिन्ह बघून, पक्की पावती देणाऱ्या दुकानातून घ्या, आणि तिथे एकटेच जा.

विश्वनाथाच्या दारापाशी वेगळी गंमत. आत फोन नेऊ देत नाहीत, म्हणून आजूबाजूचे दुकानदार "लॉकर फ्री, लॉकर फ्री" ओरडत असतात. लॉकर फुकटच, पण किल्ली हातात पडायच्या आत फुलं, पेढे, दुधाचा गडू असलेली टोपली हातात येते आणि तिची किंमत परत आल्यावर कळते. टोपली घ्यायची सक्ती कुणीही करू शकत नाही. भाव आधी विचारा, नाहीतर फोन मुक्कामाच्या जागीच ठेवून जा. रांग चुकवून "डायरेक्ट दर्शन" करून देतो म्हणणाऱ्या कुणालाही रोख देऊ नका. सुगम दर्शनाचं, म्हणजे पैसे भरून लवकर दर्शन घ्यायचं, तिकीट मंदिर न्यासाच्या संकेतस्थळावर आणि त्यांच्या खिडकीवरच मिळतं.

नावेचं तेवढं सांगते आणि थांबते. एकट्याने पूर्ण नाव करणं परवडत नाही, म्हणून चार जणांत बसायचं. बसण्याआधी ठरवायचं की सांगितलेला भाव माणशी आहे की अख्ख्या नावेचा, कुठून कुठपर्यंत नेणार आणि परत त्याच घाटावर सोडणार का. नावाडी मधेच मणिकर्णिकेसमोर वल्हं थांबवून अनाथांच्या लाकडाचा विषय काढायला लागला तर टालेवरचा मणाचा भाव विचारा. माझ्या नावाड्याने तो ऐकला आणि नाव पुढे काढली.