गतीची समीकरणे: आलेखाने सिद्ध करावीत की कलनाने?

वेग-काल आलेखात रेषेचा चढ म्हणजे त्वरण आणि रेषेखालचे क्षेत्रफळ म्हणजे विस्थापन. त्वरण स्थिर असेल तर रेषेखाली जो समलंब चौकोन तयार होतो, त्याचे आयत आणि त्रिकोण असे दोन तुकडे केले, की दुसरे समीकरण s = ut + ½at² (s विस्थापन, u सुरुवातीचा वेग, a त्वरण, t काळ) डोळ्यांसमोरच उभे राहते. आयत म्हणजे सुरुवातीच्या वेगाने कापलेला भाग, त्रिकोण म्हणजे त्वरणाने घातलेली भर. सूत्रातला तो ‘अर्धा’ कुठून येतो, हे मग पाठ करावे लागत नाही. आकृतीला वेळ लागतो, हे खरे. आणि अक्षांना नावे द्यायला विसरू नका!

कलनाने (कॅल्क्युलसने) सगळे मोजक्या ओळींत आटोपते. तिसऱ्या समीकरणासाठी (v² = u² + 2as, इथे v म्हणजे शेवटचा वेग) तर काळ मध्ये आणावाच लागत नाही. शिवाय त्वरण बदलते असेल तेव्हा ही तिन्ही समीकरणे लागू पडत नाहीत, कलनाची पद्धत मात्र चालते. चूक होते ती संकलनाच्या (इंटिग्रेशनच्या) मर्यादांत: खालची मर्यादा शून्य धरली, की सुरुवातीचा वेग उत्तरातून गायब.

मला विचाराल तर आधी आलेख पक्का करा. प्रश्नात ‘आलेखाच्या साहाय्याने’ असे स्पष्ट असेल, तर कलनाचे देखणे उत्तर कामाचे नाही.