कॅराव्हॅनच्या सेफ्टी चेनसाठी एस ग्रेड बो शॅकल: काही महिन्यांच्या वापरानंतर

माझी कॅराव्हॅन (गाडीमागे ओढायचं फिरतं घर) सामान, पाण्याची टाकी, गॅस सिलिंडर सगळं धरून दोन टनांच्या आत राहते. तिला गाडीशी बांधून ठेवणाऱ्या दोन्ही सेफ्टी चेनची, म्हणजे सुरक्षेच्या साखळ्यांची, जुनी डी शॅकल (शॅकल म्हणजे आडवी पिन असलेली यू आकाराची कडी; डीची कमान अरुंद, बोची रुंद गोल) काढून एस ग्रेडची, म्हणजे ठरावीक ताकदीच्या दर्जाची, 13 मिमी बो शॅकल लावली, त्याला आता बरेच महिने झाले. मी समाधानी आहे, पण काही गोष्टी वापरातच कळतात.

बदलायचं मुख्य कारण म्हणजे जुन्या शॅकलवर कसलाच आकडा नव्हता. दिसायला जाडजूड, चकचकीत, पण ती किती भार घेतील हे कोण सांगणार? नव्यांच्या अंगावर ग्रेड आणि डब्ल्यूएलएल, म्हणजे सुरक्षित कामाचा भार, ठळक उठवलेला आहे. एस ग्रेडमध्ये 10 मिमीला एक टन, 13 मिमीला दोन टन. कपलिंग, म्हणजे कॅराव्हॅन गाडीला जोडणारा सांधा, सुटलं तर भार दोन्ही साखळ्यांवर सारखा येईल याची खात्री नसते, म्हणून एकेका बाजूने पूर्ण वजन पेलावं असा माझा आग्रह आहे. आणि हिशेब भरलेल्या वजनाचा करायचा, रिकाम्या कॅराव्हॅनचा नाही.

मापात एक मेख आहे. 13 मिमी हे शॅकलच्या अंगाचं माप. पिन असते 16 मिमीची. त्यामुळे खरेदीआधी हिचच्या (गाडीमागच्या जोडणीच्या) भोकाचा व्यास आणि साखळीच्या शेवटच्या कडीची आतली रुंदी मोजाच. पिन भोकात आणि कमान कडीत मोकळी हलली पाहिजे. पिन जात नाही म्हणून तिच्या जागी साधा बोल्ट घालणं मला अजिबात मान्य नाही. मग त्या कोरलेल्या आकड्याला अर्थच उरत नाही.

डीऐवजी बो घेतलं ते वळणांसाठी. कोरलेला भार सरळ ओढीचा असतो. 45 अंशांतून ओढ आली तर शॅकलची क्षमता साधारण 70 टक्के धरतात, 90 अंशांत निम्मी. बोची रुंद कमान साखळीबरोबर फिरते, डी मात्र तिरपं अडकून बसायचं. तीव्र वळणात हा फरक स्पष्ट जाणवला.

तक्रारी दोन. पिनचा रंग लवकर उडाला आणि आट्यांत गंज धरायला लागला. दर वेळी ब्रश मारून थोडं ग्रीस लावावं लागतं. दुसरं, रस्त्याच्या हादऱ्यांनी पिन सैल पडते. आता पिन खांद्यापर्यंत पूर्ण आवळून तिच्या डोक्यातल्या भोकातून बारीक तार ओवतो आणि शॅकलच्या अंगाला बांधतो. तेव्हापासून हललेली नाही.

साखळ्या मात्र कपलिंगखालून फुलीसारख्या घेतो, म्हणजे कपलिंग सुटलंच तर जमिनीत न रुतता त्यांच्यावर टेकेल. वळताना ताण येणार नाही आणि रस्त्यालाही घासणार नाही इतकीच ढील हवी. घासलेल्या साखळीच्या ठिणग्यांनी कडेचं सुकं गवत पेटू शकतं. लांब साखळीला पीळ देऊन आखूड करणारे बरेच दिसतात. तसं करू नका, पिळाने कड्या वाकड्या ओढल्या जातात. नेमक्या लांबीची साखळी घ्या. ब्रेकअवे केबल (कॅराव्हॅन सुटली तर तिचे ब्रेक लावणारी तार) साखळीत न अडकवता ओढणाऱ्या गाडीला स्वतंत्र जोडा.

झीज कॅलिपरने मोजतो. शॅकलची कमान कडीला टेकते तिथे चमक दिसते, पण माप अजून जवळपास मूळचंच आहे. जाडी 10 टक्के कमी झाली की शॅकल पिनसकट बदलायचं.