पाच ग्रॅमचा हात आणि ३६ हजारांची पावती

माझा मुलगा साडेचार वर्षांचा आहे. सेरेब्रल पाल्सी, म्हणजे मेंदूतल्या इजेमुळे हालचालींवर ताबा नसणं, त्यातला स्पास्टिक डायप्लेजिया. हात बरे चालतात, पाय ताठ, टाचा टेकत नाहीत. कोथरूडला आठवड्यातून तीनदा फिजिओथेरपी चालायची. तो रडायचा, मी घामाघूम व्हायचे, आणि सहा महिन्यांची कमाई म्हणजे वॉकर धरून चार पावलांची सहा पावलं. अशाच एका दिवशी बाकावर शेजारी बसलेल्या आईने हळूच एक नंबर दिला. "रडवत नाहीत हो तिकडे," एवढंच म्हणाली. मला तेवढं पुरलं.

सेंटर बाणेरला. मंद दिवा, चटई, कुठूनतरी पाण्याचा आवाज. तिथल्या मॅडमनी समजावलं की मेंदू आणि मणक्याभोवतीच्या द्रवाला स्वतःची लय असते, मिनिटाला सहा ते बारा. कवटीची हाडं त्या लयीत किंचित हलतात. लय कुठे अडली की मूल अडतं. ती मोकळी करायची पाच ग्रॅम वजनाच्या स्पर्शाने. याचं नाव क्रेनियोसेक्रल थेरपी, अमेरिकेतल्या जॉन अपलेजर या ऑस्टिओपॅथने (हाडं-स्नायू हाताने हाताळून उपचार करणारा) १९७०च्या दशकात घडवलेली. एवढं परदेशी नाव आणि साल ऐकलं की आपण निमूट पाकीट उघडतो. वीस सिटिंगचं पॅकेज, ३६ हजार, सगळे आगाऊ. सुट्या सिटिंगना म्हणे शरीर प्रतिसाद देत नाही.

एक कबूल करते. तो तिथे गाढ झोपायचा, आणि भिंतीला टेकून मीही. चार वर्षांत इतका शांत तास मला मिळाला नव्हता. पण माझ्या सासूबाई तेल लावून मालीश करायच्या तेव्हाही तो असाच झोपायचा, तेही फुकटात.

पुढे सगळ्याचंच श्रेय थेरपीला जाऊ लागलं. झोप लागली, थेरपीमुळे. चिडचिड वाढली, तर "आतलं बाहेर पडतंय आई, चांगलं लक्षण आहे." काहीच झालं नाही, तर "खोलवर काम चाललंय, धीर सोडू नका." उपचार फसला असं कधी म्हणायचं, त्याला जागाच ठेवली नव्हती. आणि मी मान डोलावत होते.

पैसे गेले ते गेले. खरा घाव सातव्या सिटिंगला बसला. पाय ताणण्याचे व्यायाम बंद करा, पाऊल सरळ धरून ठेवणारं स्प्लिंट काढून ठेवा, त्याने लय अडते, असं सांगितलं. आम्ही ऐकलं. मूल वाढतं तशी हाडं लांब होतात, ताठ स्नायू त्या वेगाने वाढत नाही. त्यासाठीच तर ते रोजचं रडवणारं ताणणं असतं. तेच आम्ही अडीच महिने सोडून दिलं.

चौदाव्या सिटिंगला मॅडम रजेवर होत्या, त्यांच्या जागी दुसरी मुलगी. डोक्याला हात लावून म्हणाली, "लय फार मंद आहे, पाच-सहा." आधीच्याच सिटिंगला मॅडमनी अकरा सांगितली होती. विचारलं तर म्हणाली, मुलं बदलतात. त्या रात्री नवरा वाचत बसला. एकाच माणसाची लय वेगवेगळ्या थेरपिस्टनी मोजली तर आकडे जुळत नाहीत, हे अभ्यासांमधून कधीच दिसून आलंय. याच घराण्यातल्या क्रेनियल ऑस्टिओपॅथीची ब्रिटनमध्ये सेरेब्रल पाल्सीच्या १४२ मुलांवर चाचणी झाली, २०११ साली छापून आली. हालचाल, वेदना, झोप, कशातच ठोस फरक नाही. पालकांना मात्र 'एकूण बरं आहे' असं जास्त वाटलं होतं. ते वाचून मी लॅपटॉप मिटला.

जुन्या फिजिओ मॅडम रागावल्या नाहीत, ते जास्त लागलं. गोनिओमीटर, म्हणजे सांध्याचा कोन मोजायची पट्टी, लावून त्यांनी घोटा मोजला. पूर्वी गुडघा सरळ ठेवून पाऊल काटकोनापर्यंत यायचं, आता दहा अंश अलीकडेच अडकतं. सध्या टप्प्याटप्प्याने प्लास्टर घालून ताणणं सुरू आहे.

उरलेल्या सहा सिटिंगचे पैसे मागितले तर उत्तर आलं, "दुसऱ्या मुलाच्या नावावर करून देऊ." पावती नीट पाहिली तर तिच्यावर 'वेलनेस सेशन' लिहिलंय, नोंदणी क्रमांक कुठेच नाही. पैसे भरण्याआधी तो मागा. महाराष्ट्रात फिजिओथेरपिस्टची नोंदणी राज्य परिषदेकडे असते, स्पीच थेरपिस्ट आणि विशेष शिक्षकांची भारतीय पुनर्वसन परिषदेकडे. १९१५ या ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार केली आहे. नाहीच भागलं तर जिल्हा ग्राहक आयोग आहे, पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला तिथे फी नाही. दोन वर्षांच्या आत मात्र जावं लागतं.

राहता राहिलं एक. तिसऱ्या सिटिंगनंतर मीही तो नंबर दोघींना दिला होता. एकीने जाणं थांबवलं. दुसरीला फोन केला तर ती हळू आवाजात बोलली, मागे पाण्याचा आवाज येत होता. "आमच्या बाळाला फरक पडतोय हो ताई," म्हणाली, "आत्ताच झोपलाय."