माप घ्यायला माणूस येऊन गेला म्हणे

दुकानाच्या नव्या बोर्डापायी एकूण १२,६५० रुपये गेले. ८०० ‘साइट व्हिजिट’चे, ११,५०० आगाऊ, आणि ३५० टेम्पोचे, जे मी मूर्खासारखे बोर्ड आणणाऱ्या पोरांच्या हातावर ठेवले. आकडे आधीच सांगून टाकते, नंतर डोकं तापलं की सुटतात.

बडोद्यात दांडिया बाजारात आमचं फराळाचं छोटं दुकान आहे. भाजणी, मेतकूट, चकली, सांगून ठेवलं तर पुरणपोळी. सासऱ्यांच्या वेळची रंगवलेली पत्र्याची पाटी होती, निम्मी अक्षरं उडालेली. दिवाळीआधी नवा बोर्ड करू म्हटलं. एसीपी शीट (अ‍ॅल्युमिनियमचा थर दिलेला पत्रा), वर अ‍ॅक्रिलिकची अक्षरं, आत एलईडी. दोघांना विचारलं तर दोघंही म्हणाले, ‘बेन, टेप लावून फोटो मोकलो, चालशे,’ म्हणजे फोटो पाठवा, चालेल. तिसरा म्हणाला, माप घेतल्याशिवाय मी कामच घेत नाही, त्याचे ८०० वेगळे. मला तोच शिस्तीचा वाटला. म्हणजे मी निष्काळजी नव्हते, हे लक्षात घ्या. जास्त काळजी घेतली, म्हणून बुडाले.

मंगळवारी आमचं दुकान बंद. बुधवारी त्याचा मेसेज, ‘काल माणूस येऊन माप घेऊन गेला.’ बाहेरचं माप बंद दुकानाचंही घेता येतं, शंका येणार कशी? इथपर्यंत मी स्वतःला दोष देत नाही.

पण मग ड्रॉइंग आलं. दुकानाच्या फोटोवर लाल रेघा, ११ फूट बाय २.५ फूट, आणि खाली लिहिलेलं, ‘शटरच्या वर’. आमच्याकडे शटर नाही! २०२३ मध्येच काढून काचेचं दार बसवलंय. मी मनात म्हटलं, हे लोक सगळ्याच दुकानांना शटर म्हणत असतील. फोटोत पायरीशी स्टुलावर कुणीतरी बसलेलं होतं, चेहरा पुसल्यासारखा धुरकट. म्हटलं, फोन हलला असेल. बाकीचा फोटो लख्ख, शेजारच्या पाटीवरचे आकडेसुद्धा वाचता येत होते. एका चेहऱ्यापुरता फोन हलतो होय?

ते माझे सासरे होते. शटर काढलं त्याच वर्षी गेले. घरचं माणूस, रोजचं स्टूल, रोजची बंडी, आणि मला ओळखू आलं नाही, कारण मी रेघांवरचे आकडे बघत होते. लगेच ११,५०० पाठवले.

बोर्ड आला तेव्हा कळलं. डाव्या बाजूला वरच्या मजल्यावर जाणारी गॅसची पाइप आहे, मागच्या वर्षी बसवलेली. ती सोडली तर मोकळी भिंत ८ फूट ९ इंच. पोरं म्हणाली, पाइपवरूनच ठोकून देतो. ड्रिल काढलंसुद्धा! मी ओरडले म्हणून थांबले. माप कुणी घेतलं विचारलं, तर एकजण बोलून गेला, ‘माप कसलं? सेठकडे फोटो आहे ना.’ भाच्याने तिथल्या तिथे फोनवर गूगलचा नकाशा उघडला. तोच फोटो. २०२२ मध्ये गूगलचं स्ट्रीट व्ह्यू, म्हणजे नकाशावर रस्त्यारस्त्याचे फोटो दाखवणं, भारतात पुन्हा सुरू झालं, तेव्हा पहिल्या दहा शहरांत बडोदं होतं, त्याने सांगितलं. चेहरे गूगलवालेच धुरकट करतात. माझ्याच दारचा फुकटचा फोटो मला ८०० रुपयांना विकला.

बोर्डवाला सेठ म्हणाला, कापून, अक्षरं नव्याने लावून ५,५०० होतील. मी नाही म्हटलं, त्याने नंबर ब्लॉक केला. जुनी पाटी पोरांनी आधीच टेम्पोत टाकली होती.

रावपुऱ्यातले एक जुने बोर्डवाले म्हणाले, पंधरा हजारांच्या कामाला दोन फेऱ्या मारल्या तर हातात काय उरणार? मान्य. मग तसं सांगा ना! मी डाळ-तांदूळ मोजून आयुष्य काढलंय, मला टेप धरता येते. येत नाही म्हणा, पण येऊन गेलो म्हणू नका.

आता तक्रारीचं ऐका. चौकीत म्हणाले, पैसे तुम्ही दिले, माल दारात आला, फसवणूक कुठे आहे? दिवाणी मामला. सायबरवाल्यांना लिंक हवी, ओटीपी हवा, तो मी कुणाला दिला नव्हता, म्हणजे तिथेही मीच चुकले. ग्राहक हेल्पलाइनला फोन केला, तिथल्या बाईंनी पक्कं बिल मागितलं. ते घेतलं नव्हतं. बोर्डाच्या १६,३०० वर १८ टक्के जीएसटी म्हणजे २,९३४ वाचवायला गेले (हसा). पैसे पाठवल्याची नोंद आणि सगळे मेसेज आहेत म्हटलं, तर ‘बघतो’. शेवटी ग्राहकांच्या कचेरीत तासभर उभी राहिले, तेव्हा खिडकीतला माणूस म्हणाला, दुकानासाठी घेतलंत ना, मग तुम्ही ग्राहक नाही, व्यापारी. मी मान खाली घालून घरी आले! भाच्याने २०१९चा कायदा काढून वाचला. स्वतः राबून पोट भरण्यापुरता धंदा करणारा माणूस ग्राहकच धरला जातो, पाच लाखांपर्यंतच्या खरेदीच्या दाव्याला फी नाही, मुदत दोन वर्षं. चकल्या तळता तळता मला हे समजतं, आणि खिडकीत पगार घेऊन बसलेल्याला समजत नाही.

माप घ्यायला येणाऱ्याचा टेप धरलेला फोटो मागा, त्याच दिवशीचा. मापाच्या कागदावर पाइप, वायर, मीटर दिसले नाहीत तर एक रुपया देऊ नका. जुनी पाटी नवी लागेपर्यंत हलवू देऊ नका. आणि फोटोतली माणसं नीट बघा.

अर्ज भरलाय. बोर्ड बोळात आडवा पडलाय, ११ फुटी, दिवे चांगले लागतात. कुणाला हवा असेल तर घेऊन जा, नाव तेवढं आमचं आहे.