शाळू उत्तरा नक्षत्रात पेरावा, हस्तात की चित्रात?

सोलापूर भागात कोरडवाहू शाळूच्या (रब्बी ज्वारीच्या) पेरणीची शिफारस 15 सप्टेंबर ते 15 ऑक्टोबर अशी महिनाभराची आहे. यातला नेमका कुठला आठवडा धरायचा, हे रानाच्या खोलीवर ठरतं.

उत्तरा (सप्टेंबरचा दुसरा पंधरवडा). हलक्या, फूटभर खोलीच्या रानाला हीच वेळ. वाण फुले अनुराधा. ओल भरपूर असल्याने उगवण एकसारखी होते, ताटं उंच वाढतात, कडबा चांगला मिळतो. भीती खोडमाशीची, आणि 15 सप्टेंबरच्या आधी घाई केली तर ती फार. रोप महिन्याचं होईपर्यंत माशी पानाच्या खालच्या बाजूला अंडी घालते, अळी आत उतरून वाढीचा कोंब खाते. मधला पोंगा सुकतो, ओढला की अलगद हातात येतो, बुडाला कुजका वास. उपाय पेरणीआधीच करायचा: थायामेथोक्झाम 30 एफएस (बियाण्याला चोळायचं कीटकनाशक), किलो बियाण्याला 10 मिली. काणी या बुरशीच्या रोगासाठी 300 मेश (बारीक भुकटीचं) गंधक, किलोला 4 ग्रॅम.

हस्त (27 सप्टेंबर ते 10 ऑक्टोबर). मंगळवेढ्यासारख्या खोल काळ्या रानात मालदांडी किंवा फुले वसुधा याच काळात पेरावी. वाफसा (पेरणीजोगी ओल) लवकर आला तर मात्र हस्ताच्या पावसाची वाट बघत बसू नये. माशीला औषध आहे, उडालेल्या ओलीला नाही.

चित्रा आणि पुढे. 15 ऑक्टोबरनंतर दिवस लहान होत जातात, त्यामुळे ताट पुरतं वाढण्याआधीच पोटरीत येतं (कणीस अजून पानाच्या आवरणात असतं ती अवस्था). कणीस लहान राहतं. दाणे भरताना रान भेगाळलेलं, वर उन्हाचा चटका. मग खडखड्या हा बुंधा कुजवणारा बुरशीचा रोग येतो. बुंधा आतून पोकळ, काळसर होतो, उभी ताटं लोळतात, दाणा बारीक राहतो आणि कडब्याचीही प्रत जाते. पाणी नसेल तर धान्यासाठी हा डाव खेळू नये. पाणी असेल तर हरभऱ्याचाही विचार करावा.

बियाणं एकरी 4 किलो, दोन ओळींत 45 सेंमी. मध्यम रानात एकरी 35 किलो युरिया आणि 50 किलोची एक गोणी सुपर फॉस्फेट, दोन चाड्याच्या (बी आणि खत वेगवेगळं सोडणाऱ्या) पाभरीने पेरणीबरोबरच. कोरडवाहूत वरून युरिया फेकून उपयोग नाही, तो कोरड्या मातीत पडून राहतो. कोळपण्या (ओळींमधली माती हलवून तण काढणं) तिसऱ्या, पाचव्या आणि आठव्या आठवड्यात. शेवटची दातेरी कोळप्याने, भेगा बुजवण्यासाठी. उशिरा पेरलेल्यांनी ती अजिबात चुकवू नये. एकच पाणी देता येत असेल तर ते 50 ते 55 दिवसांनी, पीक पोटरीत असताना.