मिटुटोयोचा ॲब्सोल्यूट कॅलिपर आणि आमच्या निरीक्षकांचे चुकलेले शून्य

नाशिकच्या अंबड औद्योगिक वसाहतीतील आमच्या छोट्या कारखान्यात वाहनांसाठी लागणारे बुश (नळीसारखे पोकळ भाग) आणि पिन तयार होतात. तेथील तपासणी विभागात मिटुटोयो या जपानी कंपनीचा ०–१५० मिमी मोजणारा ॲब्सोल्यूट डिजिमॅटिक कॅलिपर, म्हणजे वस्तू दोन जबड्यांत धरून तिचे माप स्क्रीनवर दाखवणारे उपकरण, बऱ्याच काळापासून वापरात आहे, आणि नाशिक परिसरातील ज्या लहान उद्योजकांना असे उपकरण घ्यावे की न घ्यावे असा प्रश्न पडतो, त्यांच्यासाठी हा अभिप्राय लिहीत आहे. माझे मत स्पष्ट आहे : घ्यावे. मात्र ते ज्याच्या हाती द्यायचे त्याला स्क्रीनवरील आकड्याइतकीच त्याशेजारची बारीक अक्षरेही वाचायला शिकवावे.

या कॅलिपरचे लीस्ट काउंट, म्हणजे स्क्रीनवर दिसणारे सर्वांत लहान माप, ०.०१ मिमी आहे, पण अचूकता ±०.०२ मिमी आहे. या दोन गोष्टी एक नव्हेत, आणि पुष्कळ वाद येथेच सुरू होतात. स्क्रीनवर शतांश मिलिमीटर दिसतो म्हणून शतांशापर्यंतचे माप खात्रीचे ठरत नाही. ज्या मापाला ±०.०१ मिमीची मर्यादा आहे तेथे मायक्रोमीटर हे अधिक अचूक मोजणारे उपकरणच हवे. कॅलिपरमध्ये मोजपट्टी आणि मोजली जाणारी वस्तू एका रेषेत नसतात, त्यामुळे जॉच्या (जबड्याच्या) टोकाशी धरलेला तुकडा थोडे चुकीचे माप देऊ शकतो. या दोन्ही एका रेषेत असाव्यात हे तत्त्व जर्मन भौतिकशास्त्रज्ञ अर्न्स्ट ॲबे यांनी १८९० मध्ये मांडले. म्हणून तुकडा शक्य तितका पट्टीच्या जवळ धरावा.

या उपकरणाचा खरा गुण त्याच्या शून्यात आहे. बाजारातील पुष्कळ स्वस्त डिजिटल कॅलिपर सरकत्या जॉची हालचाल मोजत जातात, त्यामुळे ते बंद करून सुरू केले की शून्य पुन्हा लावावे लागू शकते. ॲब्सोल्यूट प्रकारात जॉ प्रत्यक्ष कोठे आहे हे पट्टीवरून थेट वाचले जाते. एकदा मूळ बिंदू निश्चित केला की उपकरण बंद करून दुसऱ्या दिवशी सुरू केले तरी तो कायम राहतो. बॅटरी बदलल्यावर मात्र ओरिजिन बटण दाबून तो पुन्हा ठरवावा लागतो. शिवाय झिरो/ॲब्स असे एक बटण आहे. ते थोडक्यात दाबल्यास जॉ असेल त्या जागी तात्पुरते शून्य होते आणि स्क्रीनवर आयएनसी (इन्क्रिमेंटल, म्हणजे तात्पुरत्या शून्यापासूनचे माप) अशी अक्षरे उमटतात. तेच बटण थोडा वेळ दाबून ठेवले की मूळ शून्य परत येते.

ही तीन अक्षरे किती मोलाची आहेत, हे आम्हाला एका ग्राहक कंपनीने केलेल्या गुणवत्ता तपासणीच्या (ऑडिटच्या) वेळी कळले. आमच्या विभागातील एक ज्येष्ठ निरीक्षक प्रत्येकाच्या कामात खुसपट काढण्यासाठी परिचित आहेत. ऑपरेटरने जॉ पुसले नाहीत, नोंदीत तारीख राहिली, तुकडा उलटा ठेवला, अशा प्रत्येक गोष्टीवर ते सर्वांसमोर बोट ठेवत. त्यांच्या सूचना पुष्कळदा योग्य असत, हे मान्य केलेच पाहिजे. पण त्या देताना माणसाचा मान राखण्याची सवय त्यांना नव्हती. हा कॅलिपर विकत घेण्यालाही त्यांचा विरोध होता.

त्या दिवशी २५ मिमी ±०.०५ बाहेरील व्यासाच्या बुशची तपासणी चालू होती. त्यांच्या हातातील कॅलिपरवर २४.९२ दिसले, पुढचे तुकडेही त्याच आसपास आले. व्यास कमी भरला म्हणजे माल भंगार, कारण काढलेला धातू परत लावता येत नाही. त्यांनी ट्रेला लाल खूण लावली, नापास मालाच्या नोंदवहीत यंत्रावरच्या प्रशिक्षणार्थी मुलीचे नाव लिहिले आणि ग्राहकाकडून आलेल्या परीक्षकांसमोरच तिला म्हणाले, "ऑफसेट टाकता येत नसेल तर यंत्राला हात लावू नकोस." (ऑफसेट म्हणजे यंत्राला दिलेली मापाची दुरुस्ती.) ती सिन्नरहून रोज येणारी, अबोल मुलगी आहे. तिने मान खाली घातली नाही. ती म्हणाली, "सर, स्क्रीनवर आयएनसी दिसतंय. एकदा जॉ बंद करून बघता का?"

परीक्षकांनी कॅलिपर मागून घेतला, जॉ स्वच्छ पुसले आणि बंद केले. स्क्रीनवर उणे ०.०६ आले. मग त्यांनी २५ मिमीची स्लिप गेज (नेमक्या मापाचा प्रमाण ठोकळा) मोजली, ती २४.९४ भरली. शून्य करताना जॉमध्ये धातूचा बारीक कण अडकलेला होता आणि तशाच अवस्थेत निरीक्षकांनी बटण दाबले होते, हे सर्वांना कळून चुकले. मूळ शून्यावर परत आणल्यावर तेच बुश २४.९८ भरले, म्हणजे अगदी मर्यादेत. जॉ पुसले नाहीत म्हणून ज्यांनी कित्येकांना सुनावले होते, तेच स्वतः जॉ न पुसल्यामुळे सर्वांदेखत तोंडघशी पडले. नोंदवहीतील त्या मुलीच्या नावावर त्यांना रेघ मारावी लागली आणि परीक्षकांच्या सांगण्यावरून शेजारी कारण लिहून सही करावी लागली. मला त्यांच्या खजील होण्यापेक्षा त्या रेघेचे समाधान अधिक वाटले, कारण शिकाऊ कामगाराच्या नावावर पडलेला खोटा ठपका सहसा कोणी पुसत नाही.

साधा कॅलिपर असता तर कदाचित ही चूक उघड झालीच नसती आणि चांगला माल भंगारात गेला असता. येथे उपकरणाने आपली अवस्था लपवली नाही, आणि यंत्रावरच्या मुलीने ती वाचली. याच कारणासाठी मी या कॅलिपरला इतरांपेक्षा वरचे स्थान देतो.

उणिवाही सांगितल्या पाहिजेत. किंमत साध्या चिनी कॅलिपरच्या कित्येक पट आहे. आयएनसीची अक्षरे लहान असून मंद प्रकाशात पटकन नजरेत येत नाहीत. साध्या मॉडेलला कूलंटचे (यंत्र थंड ठेवणाऱ्या द्रवाचे) शिंतोडे सोसत नाहीत. ओल्या यंत्राजवळ वापरायचा असेल तर आयपी६७ दर्जाचे, म्हणजे धूळ आणि पाणी आत न शिरू देणारे, मॉडेल घ्यावे. यंत्रातून नुकताच निघालेला गरम तुकडा कोणत्याही कॅलिपरने मोजू नये. मापाचे प्रमाण तापमान २० अंश सेल्सिअस धरलेले आहे, आणि १०० मिमीचा पोलादी तुकडा कॅलिपरपेक्षा १५ अंशांनी अधिक गरम असेल तर सुमारे ०.०१७ मिमी मोठा भरतो. नाशिकच्या एप्रिल-मे महिन्यांत यंत्रशाळेत याचा विचार करावाच लागतो.

या नावाची बनावट उपकरणेही विकली जातात, म्हणून खरेदी अधिकृत विक्रेत्याकडून पक्क्या बिलासह करावी आणि कॅलिब्रेशन (प्रमाण मापाशी पडताळणी) एनएबीएल या प्रयोगशाळांना मान्यता देणाऱ्या राष्ट्रीय मंडळाच्या मान्यताप्राप्त प्रयोगशाळेतूनच करून घ्यावे. आमच्याकडे आता पाळीच्या सुरुवातीला स्लिप गेजवर माप घेऊन त्याची नोंद यंत्रावरचा ऑपरेटर स्वतः करतो, आणि तपासणी विभागाच्या मापाविषयी शंका असल्यास पुन्हा मोजणी मागण्याचा अधिकार त्याला लेखी दिलेला आहे.