डीडी फ्री डिश: सेवा खणखणीत, घोळ आपल्या गच्चीवर

महिन्याचं भाडं नाही, रिचार्ज नाही, एकदाच काय तो दोन हजारांच्या आसपास खर्च. अँटेनावर दिसणारं ॲनालॉग दूरदर्शन टप्प्याटप्प्याने बंद झाल्यावर कमी खर्चात टीव्ही पाहणाऱ्या घरांना प्रसार भारतीच्या डीडी फ्री डिश या मोफत उपग्रह टीव्ही सेवेनेच हात दिला. डिसेंबर 2004 मध्ये ती डीडी डायरेक्ट प्लस या नावाने सुरू झाली. आता प्रक्षेपण जीसॅट-15 उपग्रहावरून, 93.5 अंश पूर्वेवरून होतं. सिग्नलबद्दल तक्रारीला फारशी जागा नाही. 'फ्री डिश सारखी जाते' असं जे ऐकू येतं, त्याची कारणं बहुतेक वेळा छत्री (गच्चीवरची डिश), एलएनबी (छत्रीसमोर दांडीवर बसवलेला, सिग्नल पकडून केबलमध्ये पाठवणारा भाग) आणि केबल या तिघांतच सापडतात. रिचार्जवाल्या कंपनीसारखा घरी येणारा माणूस इथे नसतो, म्हणून ही कारणं स्वतःला कळलेली बरी.

सेट-टॉप बॉक्सच्या इन्स्टॉलेशन मेनूत दोन पट्ट्या दिसतात, स्ट्रेंथ आणि क्वालिटी. सगळा गोंधळ इथे होतो. छत्री भलतीकडे वळलेली असली तरी स्ट्रेंथ 60-70 टक्के दाखवू शकते, कारण एलएनबीला वीज मिळाली की त्याचा स्वतःचा गोंगाटही केबलमधून खाली येतो. ती पट्टी पाहून 'सिग्नल आहे, बॉक्स बिघडला' म्हणत नवा बॉक्स आणणारे पुष्कळ. उपग्रह खरंच सापडला की नाही हे फक्त क्वालिटी सांगते. स्ट्रेंथ भरपूर आणि क्वालिटी शून्य, म्हणजे छत्रीची दिशा किंवा मेनूतली सेटिंग चुकली. दोन्ही शून्य, म्हणजे केबल तुटली, कनेक्टरमध्ये शॉर्ट झाला किंवा एलएनबी गेला.

सेटिंग आधी पाहा, त्यासाठी गच्चीवर चढावं लागत नाही. एलएनबीचा प्रकार युनिव्हर्सल, 9750/10600 असा हवा. फ्री डिशच्या फ्रिक्वेन्सी 11700 मेगाहर्ट्झच्या खाली आहेत, त्यामुळे मेनूतला 22 किलोहर्ट्झ हा पर्याय (एलएनबीला वरच्या फ्रिक्वेन्सीवर नेणारा इशारा) बंद किंवा ऑटोवर ठेवायचा. कुणी मेनूत खेळताना सी-बँडचा (मोठ्या छत्र्यांसाठीच्या वेगळ्या लहरींचा) 5150 निवडला असेल, तर छत्री कितीही हलवा, काही दिसणार नाही.

आता दिशा. मुंबईतून हा उपग्रह उत्तरेपासून 131 अंशांवर, म्हणजे आग्नेयेला, क्षितिजापासून सुमारे 58 अंश उंच आहे. नागपुरातून 145 अंशांवर आणि 60 अंश उंच. मोबाइलचं होकायंत्र छत्रीच्या लोखंडाजवळ चुकतं, तेव्हा दोन-तीन मीटर लांब उभं राहून दिशा घ्या आणि समोरचं एखादं झाड किंवा पाण्याची टाकी खूण म्हणून धरा. 60 सेंटिमीटरची छत्री ऑफसेट असते. सिग्नल तिच्या तोंडासमोरून येत नाही, सुमारे 22 ते 25 अंश वरून येतो. म्हणूनच नीट बसवलेली छत्री 'खाली बघतेय' असं वाटतं आणि घरातलं कुणीतरी ती हाताने वर करून ठेवतं. नट थोडे सैल करून छत्री बोटभर सरकवा, चार-पाच सेकंद थांबा, क्वालिटी पाहा, मग पुढे सरकवा. बॉक्सला सिग्नल पकडायला तेवढा वेळ लागतोच. घाईने फिरवली की उपग्रह हातातून निसटतो.

दिशा जमल्यावर एलएनबी त्याच्या क्लॅम्पमध्ये दोन्ही बाजूंना हळू फिरवून क्वालिटी कुठे सर्वांत जास्त येते ते पाहायला हवं. बरेच मेकॅनिक हे करतच नाहीत, चित्र आलं की शिडी उतरतात. कोरड्या दिवशी तेवढ्यावर भागतं, पण क्वालिटी काठावर राहते आणि पहिल्याच सरीला चौकोन पडायला लागतात. ही कामचुकारी जूनमध्ये अंगाशी येते.

मुसळधार पावसात आणि दाट काळ्या ढगांत केयू-बँड (फ्री डिश ज्या लहरींवर येते तो पट्टा) मंदावणारच. सर ओसरली की चित्र आपोआप परत येतं, त्या वेळी छत्रीला हात लावू नका. कोकणात आणि घाटमाथ्यावर 90 सेंटिमीटरची छत्री घेणं आम्हाला योग्य वाटतं. क्षेत्रफळ सव्वादोन पट होतं आणि पावसात तग धरायला मोठी मदत होते. मात्र वारा तितकाच जास्त धरते, म्हणून पत्र्याला नको, स्लॅबला चार अँकर बोल्टने ठोका.

पाऊस संपून दोन दिवस झाले तरी सिग्नल नाही, तर कनेक्टर उघडा. मधली तांब्याची तार हिरवी-काळी पडली असेल, तर पाणी शिरलंय. आरजी-6 केबलचा तेवढा तुकडा कापून नवा कनेक्टर लावा. मधली तार कनेक्टरच्या कडेबाहेर दोन-तीन मिलिमीटर राहू द्या आणि बाहेरच्या जाळीचा एक केसही तिला चिकटू देऊ नका, नाहीतर शॉर्ट होतो. हे करताना बॉक्सचा प्लग काढलेला हवा, कारण याच केबलमधून एलएनबीला 13 किंवा 18 व्होल्ट जातात. एलएनबीखाली केबलचा एक झोका सोडा, म्हणजे पाणी तिथून ठिबकेल, आत उतरणार नाही.

मार्चच्या दुसऱ्या आठवड्यात आणि ऑक्टोबरच्या सुरुवातीला काही दिवस सकाळी अकराच्या सुमारास काही मिनिटं चित्र गेलं, तर सूर्य बरोबर उपग्रहाच्या मागे आलेला असतो. त्याला उपाय नाही आणि गरजही नाही.

चॅनल गायब होणं हा वेगळा विषय. खासगी चॅनलच्या जागा ई-लिलावाने दिल्या जातात, त्यामुळे विशेषतः 1 एप्रिलला यादी बदलते. 2022 मध्ये चार मोठ्या समूहांच्या मनोरंजन वाहिन्या याच तारखेला गेल्या होत्या. प्रेक्षकाला नीट आगाऊ सूचना टीव्हीच्या पडद्यावरच मिळायला हवी. इथे सेवेचे गुण नक्की कापावेत. तोवर ऑटो स्कॅन करा. शेजाऱ्याकडे दिसणारं चॅनल त्यानंतरही आलं नाही, तर तुमचा बॉक्स जुना, फक्त एमपेग-2 या जुन्या व्हिडिओ पद्धतीचा असेल. एमपेग-4 या नव्या पद्धतीवरची चॅनल त्यावर कधीच उघडणार नाहीत. छत्री आणि केबल तीच ठेवून बॉक्स तेवढा बदला.